पत्रांतील प्रश्न आणि पत्रांतील सूर

तंबोरा नीट जुळला आणि जवारी चांगली लागली, म्हणजे खर्जाच्या एकाच तारेतून षड्जाबरोबर आणखी एक स्वर कानी येऊ लागतो. तो कोणी छेडलेला नसतो. तंबोऱ्याला गांधाराची तार नसते, तरीही गांधार उमटतो. आपल्याकडील गवयांना ही गोष्ट पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे, आणि त्यांनी त्या स्वराला स्वयंभू गांधार असे सुरेख नाव देऊन ठेवले आहे. एखाद्या गोष्टीला नाव मिळाले की तिच्याविषयीचे कुतूहल पुष्कळदा तेथेच शमते. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसच्या एका मठात राहणाऱ्या एका भिक्षूला हाच अनुभव आला. त्याच्यापाशी त्या स्वरासाठी तयार नाव नव्हते. म्हणून की काय, त्याचे कुतूहल शमले नाही. एक तार एकाच वेळी अनेक स्वर कशी देते, हा प्रश्न त्याने आपल्या ओळखीच्या विद्वानांना पत्रांतून विचारला, पुन्हा विचारला, आणि उत्तर मिळेना तेव्हा आपल्या ग्रंथात जसाच्या तसा लिहून ठेवला.

या भिक्षूचे नाव मारँ मेर्सेन. जन्म 1588 चा, फ्रान्समधील मेन प्रांतातला, घर सामान्य शेतकऱ्याचे. ला फ्लेश येथील जेझुइटांच्या विद्यालयात तो शिकला. पुढे त्याच विद्यालयात त्याच्याहून आठ वर्षांनी लहान असलेला रने देकार्तही शिकून गेला. मेर्सेनने 1611 मध्ये मिनिम पंथाची दीक्षा घेतली. मिनिम म्हणजे सर्वांत लहान, सर्वांत नम्र. या पंथाचे नियम कडक. मांस तर नाहीच, पण अंडी आणि दूधही वर्ज्य. 1619 पासून मेर्सेन पॅरिसमधील प्लास रोयालजवळच्या मठात राहू लागला, आणि थोडे प्रवास सोडले तर अखेरपर्यंत तेथेच राहिला. त्याच्या खोलीचे दार मात्र सगळ्या युरोपात उघडत असे.

त्या काळी विद्वानांची नियतकालिके नव्हती. पॅरिस आणि लंडन येथील अशी पहिली दोन नियतकालिके निघाली 1665 मध्ये, म्हणजे मेर्सेनच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनी. तोपर्यंत एखाद्याने काही नवीन सिद्ध केले, मोजले, किंवा त्याला काही सुचले, तर ते दुसऱ्याला कळण्याचा मार्ग एकच, पत्र. आणि पत्र ज्याच्या हाती पडे तो ते एकट्याने वाचून ठेवून देत नसे. त्याच्या नकला होत, ती पुढे जात. अशा पत्रांचा मोठा संगम मेर्सेनच्या खोलीत होता. हॉलंडमधून देकार्त लिही, तुलूझहून फर्मा लिही, एक्सहून पेरेस्क, रोमहून दोनी. गॅलिलिओशी त्याचा पत्रव्यवहार होता, टॉरिचेल्लीशी होता. त्याच्या मृत्यूनंतर खोलीत सापडलेल्या पत्रांवरून त्याचे 78 पत्रलेखक मोजले गेले. अलीकडच्या काळात हा पत्रव्यवहार छापला गेला तेव्हा त्याचे 17 खंड झाले. शेवटचा निघाला 1988 मध्ये.

या खंडांत मेर्सेनची स्वतःची पत्रे त्या मानाने थोडीच उरली आहेत. देकार्तला लिहिलेली बहुतेक हरवली. परंतु देकार्तची उत्तरे शिल्लक आहेत, आणि उत्तरांवरून प्रश्न ओळखता येतात. देकार्त एकेक मुद्दा घेऊन उत्तरे देतो: तुम्ही विचारता की तार का थांबते, तुम्ही विचारता की जड वस्तू किती वेगाने पडते, तुम्ही विचारता की पंचम मध्यमापेक्षा गोड का. कधी कधी त्याचा स्वर त्रासलेला वाटतो. एकाच पत्रात दहा-बारा प्रश्न, त्यांतले निम्मे मागच्याच पत्रातले. आधीच्या उत्तरातील एखादे वाक्य नीट कळले नाही म्हणून पुन्हा विचारलेले. पास्कालने 1658 मध्ये मेर्सेनविषयी लिहिताना म्हटले की, चांगले प्रश्न तयार करण्याचे त्याचे कसब असाधारण होते, ते सोडविण्याचे भाग्य मात्र त्याला तितकेसे लाभले नाही. ही प्रशंसा आहे की टोमणा, हे ज्याने त्याने ठरवावे. मला ती दोन्ही वाटते.

संगीताविषयी या भिक्षूला एवढी ओढ का, हे समजून घेतले पाहिजे, नाहीतर त्याचे प्रश्न नुसती हौस वाटतील. त्या पिढीत संशयवादाची लाट आली होती. मनुष्याला निश्चित असे काही कळतच नाही, असे म्हणणारे लोक पॅरिसच्या विद्वत्समाजात पुष्कळ होते. मेर्सेनने 1625 मध्ये त्यांच्या खंडनासाठी विज्ञानांच्या सत्यतेवर एक ग्रंथ लिहिला. गणित निश्चित आहे, हे त्याचे मुख्य शस्त्र. आणि गणित नुसते कागदावर नाही, ते सृष्टीत आहे, हे प्रत्यक्ष दाखवायचे तर स्वरांसारखे दुसरे साधन कोणते? तार निम्मी करा, षड्जाचा तार-षड्ज होतो. दोन तृतीयांश ठेवा, पंचम होतो. गोडी आणि संख्या येथे हातात हात घालून उभ्या आहेत. जर गोडी संख्येतच असेल, तर सृष्टी मापून घडविलेली आहे आणि ते माप आपल्या आत्म्यालाही उमगते, असे म्हणता येईल. म्हणून कोणता स्वरसंवाद अधिक गोड, आणि का, हा त्याच्या दृष्टीने श्रद्धेचाच प्रश्न होता.

तो त्याने देकार्तला विचारला. पण देकार्तकडे या प्रश्नाचा एक जुना इतिहास होता. त्यासाठी दहा-अकरा वर्षे मागे गेले पाहिजे.

1618 च्या नोव्हेंबरात, हॉलंडमधील ब्रेडा या छावणीच्या गावी, बावीस वर्षांचा देकार्त सैन्यात होता. युद्ध थांबलेले होते, वेळ भरपूर होता, आणि बोलण्यासारखा माणूस कोणी नव्हता. 10 नोव्हेंबरला त्याची इझाक बेकमनशी गाठ पडली. बेकमन मिडलबर्गचा, वयाने तिशीचा, मेणबत्त्या करण्याचा आणि पाण्याचे नळ घालण्याचा धंदा केलेला, आणि त्याबरोबर गणित, वैद्यक, यंत्रे, स्वर यांवर रोजच्या रोज वहीत टिपणे लिहिणारा. ध्वनी म्हणजे काय, तार निम्मी केल्यावर कंपने दुप्पट का होतात, याची त्याने त्याआधी काही वर्षे स्वतःच उपपत्ती लावली होती. दोघेही लॅटिनमध्ये बोलत. बेकमन विचारी, देकार्त उत्तर देई. देकार्तचे उत्तर पुरे पडले नाही की बेकमन पुन्हा विचारी. पुढे 1619 च्या वसंतात देकार्तने त्याला लिहिले की, माझ्या सुस्तावलेल्या बुद्धीला जागे केले ते तुम्हीच.

या मैत्रीतून एक छोटीशी भेट निघाली. 31 डिसेंबर 1618 ही तारीख घालून देकार्तने नव्या वर्षाची भेट म्हणून बेकमनला एक हस्तलिखित दिले: संगीतावरील संक्षिप्त निबंध. देकार्तने पूर्ण केलेली ही पहिली कृती. जगाला तो तत्त्वज्ञ म्हणून माहीत झाला, परंतु त्याने प्रथम लिहिले ते संगीतावर, आणि तेही एका मित्राच्या प्रश्नांना उत्तर म्हणून. अखेरीस त्याने विनंती केली आहे की, अडाणी शिपायांच्या गलबल्यात घाईने लिहिलेले हे पोर अस्वलीच्या नुकत्याच जन्मलेल्या पिलासारखे बेढब आहे, ते आपल्या मेजाच्या सावलीतच राहू द्यावे. निबंधाच्या आरंभी एक मौज आहे. लांडग्याच्या कातड्याचा ढोल वाजत असताना मेंढीच्या कातड्याचा ढोल मुका होतो, अशी त्या काळी समजूत होती. ती देकार्तने तेथे खरी मानून सांगितली आहे. सगळ्या गोष्टींवर संशय घेऊन पाहणारा देकार्त अजून जन्माला यायचा होता.

आता 1629 कडे येऊ. देकार्त हॉलंडात स्थायिक झालेला, मेर्सेन पॅरिसहून त्याला पत्रे लिहितो आहे. मेर्सेनचा बेकमनशीही पत्रव्यवहार आहे. बेकमनने भोळेपणाने किंवा थोड्या अभिमानाने मेर्सेनला कळविले की, स्वरसंवादांच्या कारणांविषयीचे हे विचार मी दहा वर्षांपूर्वीच देकार्तला सांगितले होते. मेर्सेनने ते देकार्तला कळविले. हे त्याने का कळवावे? दुष्टपणा त्याच्यात नव्हता. मला वाटते, दोन विद्वान एकच गोष्ट सांगतात, तेव्हा मुळात ती कोणाची, हा त्याला नुसता खुलाशाचा प्रश्न वाटला असावा. परंतु त्याच्या हातून एका मैत्रीला चूड लागली. देकार्तने आपले हस्तलिखित बेकमनकडून परत मागवून घेतले. पुढच्या वर्षी, 17 ऑक्टोबर 1630 रोजी, त्याने बेकमनला एक लांबलचक पत्र पाठविले. त्याइतके कठोर पत्र त्याने क्वचितच कोणाला लिहिले असेल. मला मुंग्या आणि किडे यांच्यापासूनही शिकण्याची सवय आहे, तुमच्यापासून शिकलो ते त्याच अर्थाने, असा त्यातील एका भागाचा भावार्थ आहे. ज्याने आपल्याला जागे केले असे अकरा वर्षांपूर्वी लिहिले, त्याच माणसाला हे लिहिले. पुढे दोघांचे वरवर बरे झाले. पण ब्रेडाचे दिवस परत आले नाहीत. बेकमन 1637 च्या मे महिन्यात वारला.

ज्या वर्षी हे भांडण झाले त्याच वर्षी देकार्तने मेर्सेनच्या मूळ प्रश्नाला जे उत्तर दिले, ते मात्र आजही वाचण्यासारखे आहे. 1630 च्या जानेवारीत त्याने प्रथम प्रश्नाचेच दोन तुकडे केले. कोणता स्वरसंवाद अधिक साधा, अधिक शुद्ध, असे विचारायचे आहे काय? ते गणिताने सांगता येईल. की कोणता अधिक सुखकर, असे विचारायचे आहे? मग ऐकणारा कोण ते सांगा. कारण कोणाला अनेक स्वरांचा मेळ आवडतो, कोणाला एकच गळा. जसे कोणाला गोड आवडते, कोणाला आंबट किंवा कडवट. मेर्सेनचे समाधान झाले नाही. त्याने पुन्हा विचारले: मग सौंदर्याला काही निश्चित कारण आहे की नाही? त्यावर 18 मार्चच्या पत्रात देकार्तने कुत्र्याचा दाखला दिला. व्हायोलिन वाजत असताना एखाद्या कुत्र्याला पाच-सहा वेळा चाबकाने मारा. पुन्हा ते सूर ऐकताच तो केकाटत पळेल. जे सूर एकाला नाचायला लावतात ते दुसऱ्याला रडवतील, कारण ते दोघांच्या स्मृतीत निरनिराळ्या गोष्टी जाग्या करतात.

मेर्सेनला हे वाचून काय वाटले असेल, याची कल्पना करावी. ज्या गोडीवर त्याने सृष्टीच्या सुव्यवस्थेचा पुरावा उभा करू पाहिला, ती गोडी त्याचा मित्र चाबकाच्या आठवणीवर नेऊन ठेवतो. पण त्याने मित्राशी अबोला धरला नाही, आणि प्रश्नही सोडला नाही. तो मोजायला लागला. नुसत्या डोळ्यांनी कंपने मोजता यावीत म्हणून त्याने अतिशय लांब तारा ताणल्या, त्यांना वजने टांगली, आणि तारेची लांबी, ताण व जाडी यांचा स्वराच्या उंचीशी असणारा संबंध नियमांत मांडला. ताण चौपट करावा तेव्हा कंपने दुप्पट होतात. लांबी दुप्पट केली की ती निम्मी होतात. हे नियम आजही त्याच्या नावाने ओळखले जातात. ‘विश्वव्यापी संवाद’ असा ज्याच्या नावाचा अर्थ होईल, तो त्याचा महाग्रंथ 1636-37 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्वरशास्त्र आहे, वाद्यांची तपशीलवार चित्रे आहेत, आणि दूरदेशींची गाणीही स्वरलेखनासह आहेत. ब्राझीलमधील तुपिनांबा लोकांची आहेत, कॅनडाचे एक आहे. प्रश्नाबरोबर सूरही पाठवावा आणि मागवावा, हा त्याच्या मंडळाचा शिरस्ताच होता. एक्सच्या पेरेस्कने तर पूर्वेकडील बंदरांतील आपल्या ओळखीच्या लोकांकडून तिकडच्या गाण्याची माहिती मिळविण्याची खटपट केली.

सूर पाठविण्याच्या या शिरस्त्यातून एक प्रसंग असा घडला की ज्याच्याबद्दल मेर्सेनला मी सहज माफ करू शकत नाही.

हार्लेम या डच गावी योआन आल्बर्ट बान नावाचा एक कॅथलिक धर्मगुरू होता. देकार्त जवळपास राहत असे तेव्हा त्याची आणि बानची चांगली मैत्री जमली. बानचा सिद्धान्त असा की, प्रत्येक स्वरांतराचा मनावर ठरावीक परिणाम होतो. तेव्हा काव्यातील भावना ओळखून त्या त्या ठिकाणी ती ती स्वरांतरे योजली, तर गाणे श्रोत्याचे मन हवे तसे वळवील. आपल्या संगीताला तो मन वाकविणारे संगीत म्हणे. स्वरांची सूक्ष्म अंतरे शुद्ध वाजविता यावीत म्हणून त्याने नेहमीपेक्षा जास्त पट्ट्यांचे एक वाद्यही करविले होते. पत्रांतून त्याने हा सिद्धान्त मेर्सेनला कळविला, आणि फ्रेंच गीतकार नियम न जाणता गाणी बांधतात, असेही सूचित केले. मेर्सेनने नेहमीप्रमाणे खुलासा विचारला; पण या वेळी खुलासा शब्दांत नको होता. 1640 मध्ये त्याने जेर्मँ आबेरच्या एका फ्रेंच प्रेमकवितेचे शब्द बानकडे पाठवून दिले, आणि यांना आपल्या नियमांप्रमाणे चाल लावून दाखवावी, अशी मागणी केली. त्याच शब्दांना फ्रेंच राजदरबारचा संगीतप्रमुख आंत्वान बोएसे याचीही चाल होती. आता दोन्ही शेजारी शेजारी ठेवता येणार होत्या.

बानने मनापासून काम केले. कवितेतील प्रियकर निर्दय प्रियेला विचारतो, मला मेलेला पाहायचे आहे का? बानला या शब्दांत उद्गार दिसला, आवेग दिसला, आणि त्याने त्याप्रमाणे स्वर योजले. बोएसेच्या चालीत तोच प्रश्न हळुवार, विनवणीचा होता. पॅरिसमधील जाणकारांनी निकाल दिला, बोएसे सरस. बानच्या चालीत त्यांना दोषच दोष दिसले. निकाल काय लागणार हे पॅरिसमध्ये आधीच ठरल्यासारखे होते. परक्या भाषेतील शब्द, तिची लय, तेथील रसिकांची सवय, या सगळ्यांविरुद्ध हार्लेमचा हा एकटा पाद्री आपला सिद्धान्त घेऊन उभा होता.

यातला खरा विनोद पुढे आहे. अभिप्रायासाठी देकार्तलाही गोवण्यात आले. आता, देकार्तने एका पत्रात स्वतःच कबूल केले आहे की, मला पंचम कोणता आणि तार-षड्ज कोणता हेही कानाने ओळखता येत नाही. संगीतावर त्याने लिहिले ते सारे गणिताच्या आणि विचाराच्या बळावर. तरीही त्याने बानला एक मोठे पत्र लिहून बोएसेची बाजू, एखाद्या वकिलाने अर्धवट हसत मांडावी तशी, मांडली. प्रियकराने रागाने ओरडू नये, विनवावे, हे त्याचे म्हणणे रसिकतेचे आहे यात शंका नाही. पण दहा वर्षांपूर्वी ज्याने सांगितले होते की गोडी ऐकणाऱ्यावर अवलंबून असते, त्यानेच आता एका चालीची योग्यता युक्तिवादाने सिद्ध करावी, हे पाहून गंमत वाटते. बानने हार मानली नाही. त्याने आपल्या समर्थनार्थ पत्रे लिहिली, 1642 मध्ये आपली गाणी छापली, आणि 1644 मध्ये तो वारला.

मेर्सेनचा दोष कोठे होता? त्याने विचारलेला प्रश्न रास्त होता. तुमचा नियम खरा असेल तर तो गाऊन दाखवा, यापेक्षा प्रामाणिक मागणी कोणती असू शकेल? परंतु खुलासा मागणे आणि परीक्षा घेणे या दोहोंत फरक आहे. खुलासा मागणारा उत्तर ऐकायला बसतो. परीक्षा घेणारा इतरांनाही ऐकायला बोलावून ठेवतो. मेर्सेनने दुसरे केले, पहिले करतो आहे अशा समजुतीत. फर्मा आणि देकार्त यांचा 1638 मधील कडवट वाद पेटला, त्यातही एकाचे लेखन दुसऱ्याकडे पोचविणारा हात त्याचाच.

परंतु याच हाताने तत्त्वज्ञानाच्या इतिहासातील एक उत्तम गोष्टही घडवून आणली, हे विसरता येत नाही. देकार्तने 1640 च्या नोव्हेंबरात आपल्या ‘चिंतनां’चे हस्तलिखित मेर्सेनकडे पाठविले. मेर्सेनने त्याच्या प्रती विद्वानांमध्ये फिरवून आक्षेप मागविले. त्या वेळी पॅरिसमध्ये येऊन राहिलेल्या हॉब्जने आक्षेप घेतले, तरुण आर्नोने घेतले, गासांदीने घेतले; मेर्सेनने स्वतःच्या भोवतालच्या मंडळींचेही गोळा केले. 1641 मध्ये ग्रंथ निघाला तो सहा आक्षेपमाला आणि त्यांची उत्तरे यांसह, आणि पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत सातवी आली. आपल्याकडील शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष असतो, तो सामान्यतः सिद्धान्त मांडणाराच लिहितो. येथे पूर्वपक्ष खरोखरीच्या प्रतिपक्षाने लिहिलेला आहे. त्यामुळे तो अवघड आहे आणि कोठे कोठे रागीटही आहे. गासांदीने देकार्तला ‘हे मना’ असे संबोधून चिमटे काढले, तर देकार्तने उत्तरात त्याला ‘हे देहा’ म्हणून हाक मारली.

या साऱ्या आक्षेपांत एक प्रश्न कोणीच पुरता धसास लावला नव्हता. तो लावला 1643 मध्ये, हेगमध्ये राहणाऱ्या एका चोवीस वर्षांच्या मुलीने. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ. तिच्या बापाचे राज्य गेले होते, कुटुंब हॉलंडच्या आश्रयाला आले होते. योगायोग असा की तिचा जन्मही त्याच 1618 च्या डिसेंबरातला, ज्या महिन्यात देकार्त ब्रेडाला आपला संगीतनिबंध लिहीत होता. 6 मे रोजी, नव्या पंचांगाप्रमाणे 16 मे रोजी, तिने देकार्तला पहिले पत्र लिहिले. आत्मा हे केवळ विचार करणारे द्रव्य आहे, त्याला लांबी-रुंदी नाही, तो कशाला स्पर्श करू शकत नाही. मग तो शरीराला हालचाल करायला लावतो ती कशी? ढकलायचे तर स्पर्श हवा, आणि स्पर्शाला आकार हवा.

देकार्तने उत्तरात जडत्वाचा दाखला दिला: दगडाचे वजन दगडाला खाली ढकलते असे आपण मानतो, तेव्हा एका पृष्ठाने दुसऱ्याला ढकलावे तशी कल्पना करीत नाही, आत्म्याचेही तसेच समजावे. एलिझाबेथचे जूनमधील उत्तर पाहावे. घरची प्रकरणे आणि भेटीगाठी यांमुळे आपल्याला विचाराला वेळ मिळत नाही, अशी आरंभी नम्र क्षमायाचना. आणि मग नेमका घाव. वजनाविषयीची ही कल्पना चुकीची आहे असे तुम्ही स्वतःच दाखविणार आहात; मग त्या चुकीच्या कल्पनेने मला खरी गोष्ट कशी पटावी? आत्म्याला जडत्व आणि विस्तार आहे असे मानणे, निराकार वस्तू शरीराला हलविते असे मानण्यापेक्षा मला सोपे वाटते. यावर देकार्तने तिला सल्ला दिला की, आत्मा आणि शरीर यांचा संयोग चिंतनाने नव्हे, नित्याच्या व्यवहाराने आणि संभाषणानेच कळतो. निव्वळ बुद्धीने करावयाच्या विचाराला मी स्वतः वर्षातले थोडेच तास देतो. जुलैमध्ये तिने शांतपणे कळविले: आत्मा शरीराला हलवितो हे मला इंद्रिये सांगतात, कसे हलवितो, ते सांगत नाहीत.

तिचा प्रश्न सुटला नाही. आजही सुटला आहे असे म्हणवत नाही. पण ती विचारीत राहिली. 1645 मध्ये तिने मनोविकारांची नीट व्याख्या करून द्यावी असा आग्रह धरला, आणि त्यातून देकार्तचा शेवटचा ग्रंथ, 1649 चा मनोविकारांवरील, उभा राहिला. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत देकार्त स्टॉकहोमला वारला. त्याच्या कागदांत एलिझाबेथची पत्रे होती. ती छापण्याची परवानगी तिच्याकडे मागण्यात आली. तिने दिली नाही. देकार्तची उत्तरे लवकरच छापली गेली, प्रश्न मात्र दोन शतकांहून अधिक काळ अंधारात राहिले. आर्नेमजवळच्या एका गढीच्या ग्रंथसंग्रहात त्यांच्या नकला सापडल्या आणि 1879 मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. तोपर्यंत वाचकांना देकार्त एका राजकन्येला सौजन्याने तत्त्वज्ञान समजावून सांगतो आहे असे वाटत असे. पत्रे एकत्र वाचली तेव्हा दिसले की कोंडीत सापडलेला तोच होता.

मेर्सेन त्याआधीच, 1 सप्टेंबर 1648 रोजी गेला. छातीतील गळवावर शस्त्रक्रिया झाली ती साधली नाही. आपला देह कापून मृत्यूचे कारण शोधावे, असे त्याने सांगून ठेवले होते. अखेरचा प्रश्न त्याने स्वतःच्या शरीराविषयी विचारला.

त्याच्या तारेच्या प्रश्नाला उत्तर मिळायला आणखी अर्धशतक लागले. तार अख्खी कापते तेव्हाच ती दोन, तीन, चार, पाच भागांतही कापत असते, ही गोष्ट आधी इंग्लंडात काही जणांच्या लक्षात आली, आणि 1701 मध्ये जोझेफ सोव्हरने फ्रेंच अकादमीपुढे तिची पद्धतशीर मांडणी केली. पाचव्या भागाचा स्वर तो आपला गांधार. सोव्हरला ना गळा होता ना कान, असे त्याच्याविषयी लिहून ठेवलेले आहे. स्वर पारखण्यासाठी त्याला दुसऱ्यांची मदत घ्यावी लागे. देकार्तच्या पंक्तीला शोभणारा असा हा दुसरा.

आणि तो संगीतनिबंध? देकार्तच्या मृत्यूच्याच वर्षी, 1650 मध्ये, तो उट्रेख्टला छापला गेला. बेकमनचे नाव त्याबरोबर पुसट होत गेले; देकार्तच्या चरित्रातील एक किरकोळ, बढाईखोर माणूस एवढीच त्याची ओळख राहिली. 1905 मध्ये कॉर्नेलिस द वार्ड नावाच्या एका तरुण डच संशोधकाला मिडलबर्गच्या प्रांतिक ग्रंथालयात एक जाड हस्तलिखित सापडले. ती बेकमनची वही होती. पुढे द वार्डनेच मेर्सेनच्या पत्रव्यवहाराचे संपादन हाती घेतले, आणि बेकमनची वहीही त्याने 1939 ते 1953 या काळात चार खंडांत छापली. तारेच्या कंपनांची उपपत्ती तीत आहे, देकार्तची भेट होण्याच्या आधीच्या तारखांखाली. ब्रेडाच्या दिवसांतील प्रश्नोत्तरेही आहेत. आणि त्याच वहीत, 1618 च्या त्या भेटीची एक स्वच्छ नक्कल बांधलेली आहे. मूळ प्रत देकार्तने परत मागवून घेतली होती. नक्कल करून ठेवली आहे, हे बेकमनने त्याला कधी सांगितले होते की नाही कोण जाणे.